मॅनेजमेंटची शाखा निवडताना: पगाराच्या आकड्याआधी कामाचा दिवस पाहा

पदवी झाली आहे, किंवा एक-दोन वर्षं नोकरी झाली आहे, आणि प्रश्न असा की मॅनेजमेंट शिकावं का, त्यात फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स (उत्पादन आणि पुरवठा), एचआर (मनुष्यबळ) यांतली कोणती शाखा घ्यावी, आणि शेवटी हाती नेमकं कोणतं काम लागतं. याचं उत्तर बहुतेक ठिकाणी शाखांची यादी आणि पगारांचे आकडे देऊन संपवलं जातं. त्या उत्तरावर विसंबून निवड केलेली मुलं दीड-दोन वर्षांत 'मला हे काम करायचंच नव्हतं' असं म्हणतात, कारण शाखेच्या नावावरून कामाचा दिवस कसा असतो हे कळत नाही.

पहिल्यांदा एक गैरसमज बाजूला करू. पदवीनंतरची पहिली तीन-चार वर्षं तुम्ही कोणालाही 'मॅनेज' करत नसता. तुम्ही विश्लेषण करता, विक्री करता, साठा मोजता, मुलाखती ठरवता. आणि पुढे खरोखर व्यवस्थापक झालात तरी दिवस शांतपणे बसून धोरण आखण्यात जात नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मुख्य अधिकाऱ्यांचं काम प्रत्यक्ष बाजूला बसून टिपलं, तेव्हा त्यांच्या निम्म्या कामांना प्रत्येकी नऊ मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळत होता. फोन, अडवणारा माणूस, चुकलेला आकडा, तातडीची सही. हेन्री फायोल यांनी १९१६ मध्ये मांडलेली नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण ही पाच कार्यं आजही पहिल्या सत्रात शिकवली जातात आणि ती चुकीची नाहीत. पण ती सलग, एकामागून एक होत नाहीत. तुकड्यातुकड्यांत काम करण्याचा ज्यांना मनापासून त्रास होतो, त्यांनी तज्ज्ञाच्या वाटेचा विचार आधीच करावा: विश्लेषक, जोखीम तज्ज्ञ, किंमत तज्ज्ञ. याही वाटा मॅनेजमेंटच्या शिक्षणातूनच निघतात आणि त्या कमी प्रतीच्या अजिबात नाहीत.

आता अभ्यासक्रमाबद्दल. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष जवळजवळ सगळीकडे सारखं असतं: हिशेबशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, मार्केटिंग, ऑपरेशन्स, संघटनेतलं मानवी वर्तन. यातल्या हिशेबशास्त्र आणि संख्याशास्त्राला विद्यार्थी 'पास झालो की सुटलो' अशा भावनेनं सामोरे जातात. मार्केटिंग घ्यायचं असो वा एचआर, पुढे गाडं अडतं ते इथेच, म्हणून या दोन विषयांवर जरा जास्त बोलतो.

हिशेबशास्त्रात जर्नल एंट्री, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी, पाठ असणं पुरेसं नाही. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक ही तिन्ही एकमेकांत कशी गुंतलेली आहेत हे बोटांवर सांगता आलं पाहिजे. मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न घ्या: घसारा (यंत्रं-इमारतींच्या झिजेपोटी धरलेला खर्च) १० ने वाढला तर तिन्ही पत्रकांत काय बदलतं? कराचा दर ३० टक्के धरू. करपूर्व नफा १० ने घटतो, कर ३ ने कमी होतो, म्हणजे निव्वळ नफा ७ ने घटतो. रोख प्रवाहात त्या उणे ७ मध्ये घसारा १० परत मिळवायचा, कारण तो कागदावरचा खर्च आहे, पैसा बाहेर गेलेला नाही. म्हणजे रोख ३ ने वाढली. ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला स्थिर मालमत्ता १० ने कमी, रोख ३ ने जास्त, एकूण उणे ७. दुसऱ्या बाजूला राखीव नफा उणे ७. जुळलं. हे उत्तर पाठ केलेला विद्यार्थी 'साठ्याचं मूल्य १० ने कमी केलं तर?' असं विचारलं की गडबडतो. ज्याला आतली जोडणी समजली आहे तो तिथेही वाट काढतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नफा आणि रोख यांतला फरक. वाढता धंदा नफ्यात असूनही बुडू शकतो, आणि त्याचं गणित अगदी साधं आहे. समजा कच्चा आणि पक्का माल मिळून सरासरी ६० दिवस पडून राहतो, ग्राहक ४५ दिवसांनी पैसे देतो आणि पुरवठादाराला तुम्ही ३० दिवसांनी देता. ६० अधिक ४५ वजा ३०, म्हणजे ७५ दिवस पैसा अडकलेला. रोजचा खर्च दोन लाख असेल तर ढोबळमानाने दीड कोटी खेळतं भांडवल लागलं. रोजच्या विक्रीवर वीस हजार सुटत असतील तर वर्षाचा नफा ७३ लाख. आता विक्री दीडपट झाली, सगळे खूश. पण अडकणारी रक्कमही दीडपट झाली, म्हणजे आणखी ७५ लाख, आणि तेही नफा हातात पडण्याच्या आधी. जुना वर्षभराचा नफा एका झटक्यात गिळला गेला. उलट बाजूने पाहा: साठा ६० दिवसांवरून ४५ वर आणला तर बँकेच्या दारात न जाता ३० लाख मोकळे होतात. हे गणित ज्या मार्केटिंगवाल्याला येतं, तो मोठ्या ग्राहकाला '९० दिवसांची उधारी' सहज कबूल करत नाही. ज्या खरेदी अधिकाऱ्याला येतं, तो दोन टक्के सवलतीसाठी सहा महिन्यांचा माल उचलत नाही.

दुसरं साधन म्हणजे ड्यूपॉन्ट कंपनीच्या नावाने ओळखलं जाणारं विघटन. भागधारकांच्या भांडवलावरचा परतावा म्हणजे नफ्याचं प्रमाण, गुणिले मालमत्तेची उलाढाल (विक्री मालमत्तेच्या किती पट आहे), गुणिले मालमत्ता आणि स्वतःचं भांडवल यांचं गुणोत्तर. एका कंपनीत ४ टक्के नफा, उलाढाल २.५ पट, गुणोत्तर २: परतावा २० टक्के. दुसरीत २० टक्के नफा, उलाढाल ०.५ पट, गुणोत्तर तेच २: परतावा पुन्हा २० टक्केच. पहिली माल फिरवून जगते, तिथे एक दिवस जरी माल उशिरा आला तरी दुखतं. दुसरी किमतीवर जगते, तिथे ब्रँडला धक्का लागला की संपलं. एकाच आकड्यामागे दोन अगदी वेगळी कामं उभी आहेत, आणि या दोन कंपन्यांत तुमची नोकरीही पूर्ण वेगळी असेल. अर्ज करण्याआधी त्या कंपनीच्या वार्षिक अहवालावरून हे तीन आकडे काढून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि मुलाखतीत तुमचे प्रश्न आपोआप वजनदार होतात.

संख्याशास्त्रात सूत्रांपेक्षा दोन सवयी कमवा. एक, नमुना किती मोठा हवा याचा अंदाज. हो-नाही प्रकारच्या प्रश्नाला ४०० लोकांची उत्तरं घेतली तर ९५ टक्के खात्रीने चूक साधारण अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत राहते. ती अर्धी करायची तर ८०० पुरत नाहीत, १,६०० लागतात, कारण चूक नमुन्याच्या वर्गमुळाने कमी होते. दोन, हे चारशे लोक निवडले कसे ते विचारणं. ओळखीच्या गटात फिरवलेली प्रश्नावली चार हजार लोकांनी भरली तरी ती ओळखीच्या गटाचीच राहते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्वांत जास्त पाणी मुरतं ते इथे.

हा पाया पक्का असेल तर शाखांकडे डोळसपणे पाहता येतं.

फायनान्समध्ये चार वेगवेगळी आयुष्यं आहेत. कंपनीच्या आतलं काम: अर्थसंकल्प, महिन्याचे प्रत्यक्ष आकडे, फरक का पडला याचं स्पष्टीकरण. महिनाअखेर आणि वर्षअखेर ताण, बाकी दिवस बऱ्यापैकी आखीव. बँकेतलं कर्जमूल्यांकन: समोरच्याची पत्रकं वाचायची, जागेवर जाऊन माल आणि यंत्रं पाहायची, हप्ता फेडण्याची ताकद मोजायची. वर्षाला १३० एवढी रोख उरते आणि मुद्दल-व्याज मिळून १०० द्यायचे आहेत, तर गुणोत्तर १.३. चांगला विश्लेषक तिथे थांबत नाही, विक्री दहा-पंधरा टक्के घसरली तर हेच गुणोत्तर किती होईल ते मांडतो. गुंतवणूक बँकिंग, म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारायला आणि कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत मदत करणं: पैसा चांगला, रात्री लांबलचक, आणि सुरुवातीला कामाचा मोठा भाग आकड्यांची मॉडेल आणि सादरीकरणं दुरुस्त करण्याचा. चौथं म्हणजे शेअर, रोखे, जोखीम यांचं संशोधन, जिथे एकट्याने वाचत बसण्याची आवड लागते. चारही 'फायनान्स'च, पण एका कामात रमणारा माणूस दुसऱ्यात सहा महिने टिकणार नाही असं सर्रास होतं.

मार्केटिंगबद्दल सर्वांत मोठी फसगत होते. डोळ्यांसमोर जाहिरात असते, हाती येतो तो विक्रीचा विभाग. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्यांत नवख्याला आधी एक इलाखा देतात: काही वितरक, त्यांच्याखाली शेकडो दुकानं, त्यांचे विक्री प्रतिनिधी. सकाळी प्रतिनिधींबरोबर बाजार, दुपारी वितरकाची येणी आणि साठा, संध्याकाळी अहवाल. हे काम खालच्या दर्जाचं मानून त्यातून लवकर सुटू पाहणारे पुढे ब्रँड सांभाळताना उघडे पडतात. दुकानाच्या फळीवर कोणाचा माल कुठे असतो आणि का असतो, हे दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही.

या कामात प्रायमरी आणि सेकंडरी विक्री यांतला फरक पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. कंपनीने वितरकाला दिला तो माल प्रायमरी, वितरकाकडून दुकानात गेला तो सेकंडरी. टार्गेट बहुधा प्रायमरीवर असतं, म्हणून महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत वितरकाच्या गोदामात माल कोंबला जातो. टार्गेट पूर्ण दिसतं, पुढच्या महिन्यात वितरक ऑर्डर देत नाही, मग त्याला सवलत द्यावी लागते, आणि दरमहा हेच चक्र फिरत राहतं. वितरकाकडे किती दिवसांचा साठा आहे हा आकडा रोज पाहणारा अधिकारी या सापळ्यात अडकत नाही.

सवलतीचं गणितही इथेच लागतं. वस्तूची किंमत ५००, प्रत्येक नगावरचा बदलता खर्च ३००, स्थिर खर्च १२ लाख. प्रत्येक नगामागे २०० सुटतात, म्हणून ६,००० नगांवर ना नफा ना तोटा. दहा टक्के सवलत दिली की किंमत ४५०, सुटतात १५०, आणि तोच बिंदू ८,००० वर जातो. किंमत एक दशांशाने उतरली, पण पूर्वीएवढाच पैसा मिळवायला एक तृतीयांश जास्त माल विकावा लागतो. हे न मांडता 'थोडी सवलत देऊन व्हॉल्यूम वाढवू' असं म्हणणारा प्रस्ताव वाचायच्या योग्यतेचा नसतो. डिजिटल मार्केटिंगमध्येही साधनं वेगळी, गणित हेच: एक ग्राहक मिळवायला किती खर्च आला आणि तो ग्राहक टिकेपर्यंत त्याच्याकडून किती सुटले.

महिनाअखेरच्या त्या कोंबाकोंबीचा शेवट कारखान्यात होतो. दुकानातली मागणी जवळजवळ सपाट असते, पण वितरकाची ऑर्डर वरखाली होते, कंपनीचं उत्पादन त्याहून वरखाली, कच्च्या मालाच्या पुरवठादाराकडे तर आज पूर आणि उद्या दुष्काळ. ग्राहकापासून जितकं दूर जावं तितका हेलकावा मोठा, याला बुलव्हिप परिणाम म्हणतात. प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हा प्रकार साखळीच्या रचनेतूनच निर्माण होतो हे दाखवलं, आणि तिथे तयार झालेला 'बिअर गेम' आजही जगभरच्या वर्गांत खेळवला जातो. त्यात चार टोळ्या एकमेकांशी न बोलता फक्त ऑर्डर देतात आणि थोड्याच वेळात सगळ्यांची गोदामं एकदा रिकामी, एकदा तुडुंब होतात. संधी मिळाली तर तो खेळ नक्की खेळा.

ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन ही शाखा विद्यार्थी कमी घेतात, आणि हे चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे. इथलं ज्ञान सर्वत्र चालतं: कारखाना, रुग्णालय, बँक, विमानतळ, सॉफ्टवेअर. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम पाहा: आत असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे कामं येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा सरासरी काळ. रोज ४० अर्ज निकाली निघतात आणि टेबलावर सरासरी २०० पडलेले आहेत, तर नव्या अर्जाला ५ दिवस लागणारच, कर्मचाऱ्यांना कितीही ओरडा. रुग्णालयात सरासरी १२० खाटा भरलेल्या आणि रुग्ण सरासरी ४ दिवस राहतो, तर रोज ३० नवे रुग्ण येत आहेत. मुक्काम साडेतीन दिवसांवर आला तर एकही खाट न वाढवता रोज ३४ घेता येतात.

आणि रांगेचं गणित तर प्रत्येक व्यवस्थापकाने पाठच करावं. एकाच माणसाकडे कामं अनियमित येत असतील, प्रत्येकाला सरासरी १० मिनिटं लागत असतील आणि ती वेळही अनियमित असेल, तर तो ८० टक्के वेळ कामात असताना सरासरी थांबावं लागतं ४० मिनिटं. ९० टक्क्यांवर ९० मिनिटं. ९५ टक्क्यांवर १९० मिनिटं. 'माणसं रिकामी बसू देऊ नका' असा आग्रह धरणाऱ्या विभागात सगळ्या गोष्टी उशिरा का होतात, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. थोडी मोकळीक ठेवणं म्हणजे आळस नव्हे, ती वेळेवर काम देण्याची किंमत आहे.

साठ्याचंही तसंच. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये एका वेळी किती माल मागवावा याचं सूत्र मांडलं: वर्षाची मागणी गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, भागिले एका नगाचा वर्षभर सांभाळण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. मागणी १०,०००, ऑर्डरचा खर्च २००, सांभाळण्याचा खर्च ४, तर उत्तर १,०००. प्रत्यक्षात उपयोगी पडते ती या सूत्राची सैलता: हजाराऐवजी दीड हजार मागवले तरी मागवण्या-सांभाळण्याचा एकूण खर्च फक्त ८ टक्क्यांच्या आसपास वाढतो. त्यामुळे ट्रक पूर्ण भरावा म्हणून थोडा जास्त माल घेणं बहुधा ठीक असतं.

सुरक्षा साठ्यात, म्हणजे माल संपू नये म्हणून हाताशी ठेवलेल्या जादा मालात, मात्र नवखे ठेचकाळतात. रोजची मागणी १००, तिच्यातला चढउतार म्हणजे प्रमाण विचलन २०, माल यायला ९ दिवस. ९५ टक्के वेळा माल संपू नये असं वाटत असेल तर १.६५ (९५ टक्क्यांसाठीचा संख्याशास्त्रातला गुणक) गुणिले २० गुणिले ९ चं वर्गमूळ, म्हणजे ९९ नग. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण इथे संपतं. पण पुरवठादार कधी ७ तर कधी ११ दिवस लावत असेल, म्हणजे येण्याच्या काळातच २ दिवसांचं विचलन असेल, तर तीच खात्री मिळवायला सुमारे ३४५ नग लागतात. साडेतीन पट. म्हणून मागणीचा अंदाज सुधारायला नवीन सॉफ्टवेअर घेण्याआधी पुरवठादाराच्या तारखा नोंदवायला घ्या. स्वस्त पण बेभरवशाचा पुरवठादार किती महाग पडतो ते तिथेच उघड होतं.

या शाखेतून उत्पादन नियोजन, खरेदी, गोदाम आणि वाहतूक, गुणवत्ता, प्रकल्प व्यवस्थापन अशी कामं मिळतात. सुरुवातीला पाळ्या आणि धुळीतलं काम असू शकतं, हे मान्य करूनच या. पाच-सात वर्षांनी इथल्या माणसाकडे दाखवायला ठोस गोष्टी असतात: इतका साठा कमी केला, इतका वेळ वाचवला.

एचआरबद्दल थोडक्यात. 'मला माणसं आवडतात' हे एचआर निवडण्याचं पुरेसं कारण नाही. पगारपत्रक, कामगार कायदे, शिस्तभंगाची चौकशी, वाटाघाटी यांत बारकावा आणि कणखरपणा दोन्ही लागतात. आकड्यांतून सुटका नाहीच. सरासरी २०० माणसांतून वर्षात ३० गेली, म्हणजे गळती १५ टक्के, इथवर सगळे सांगतात. त्या तिसांतली अठरा पहिल्या सहा महिन्यांत गेली असतील तर दुखणं भरतीत किंवा सुरुवातीच्या प्रशिक्षणात आहे. तीच अठरा तीन वर्षांनंतर गेली असतील तर बढतीच्या वाटा तपासायला हव्यात. उपाय पूर्ण वेगळे. भरतीत सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत मनमोकळ्या गप्पांपेक्षा जास्त भरवशाची ठरते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तरी बहुतेक ठिकाणी गप्पाच चालतात. हे बदलण्याची धमक असेल तर या क्षेत्रात करण्यासारखं खूप आहे.

कन्सल्टिंगचं, म्हणजे कंपन्यांना सल्ला देण्याच्या कामाचं, आकर्षण मोठं आहे. तिथली केस मुलाखत तीस-चाळीस मिनिटांची असते: 'अमुक कंपनीचा नफा घटला आहे, का?' तयार चौकटी पाठ करून आलेला उमेदवार दोन मिनिटांत ओळखू येतो, कारण तो प्रश्न न ऐकताच उत्पन्न, खर्च, स्पर्धक अशी फांद्यांची जंत्री सुरू करतो. हवं असतं ते असं: आधी नेमकं काय, कधीपासून, कुठल्या भागात घटलं हे विचारणं, मोठ्याने आणि नीटनेटकं आकडेमोड करणं, आणि शेवटी 'हे करा' असं एका वाक्यात सांगणं. प्रत्यक्ष नोकरीत सुरुवातीची वर्षं आकडे साफ करणं, लोकांच्या मुलाखती घेणं आणि सादरीकरणं बनवणं यांत जातात. प्रॉडक्ट मॅनेजरचं काम वेगळं: काय बनवायचं आणि त्याहून जास्त वेळा काय बनवायचं नाही हे ठरवायचं, तेही अभियंत्यांवर कुठलाही अधिकार नसताना. तिथली नेहमीची चूक म्हणजे दोन पर्याय वेगवेगळ्या ग्राहकांना दाखवून चाचणी लावायची, रोज डोकावायचं आणि हवा तसा आकडा दिसला की थांबवायची. किती लोकांनंतर थांबायचं हे चाचणी सुरू होण्याआधीच लिहून ठेवावं.

शिकायला कधी जावं? ज्यांना कामाची दिशा अजून कळलेली नाही, त्यांनी दोन-तीन वर्षं काम करून जाणं चांगलं. वर्गातली चर्चा तेव्हाच अंगी लागते, कारण प्रत्येक मुद्द्याला जोडायला स्वतःचा अनुभव असतो. क्षेत्र बदलायचं असेल तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्या. मधल्या सुट्टीतली आठ ते बारा आठवड्यांची इंटर्नशिप हाच नव्या क्षेत्रात शिरण्याचा दरवाजा असतो. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात ती बहुधा नसते, म्हणून तो त्याच क्षेत्रात वर चढू पाहणाऱ्यांना जास्त सोयीचा. परदेशी बिझनेस स्कूलसाठी बहुधा जीमॅट ही प्रवेश परीक्षा देतात: गणित, भाषा आणि आकडेवारीचं आकलन असे तीन विभाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, गुण २०५ ते ८०५. आकलनाच्या विभागाला उमेदवार शेवटी हात घालतात, तो आधी सुरू करावा.

संस्था निवडताना नोकऱ्यांच्या अहवालातला 'सरासरी पगार' बाजूला ठेवा. दहा जणांपैकी नऊ जणांना ८ लाख आणि एकाला ६० लाख मिळाले तर सरासरी १३.२ लाख होते, पण तेवढा पगार कोणालाच मिळालेला नसतो. मध्यक, म्हणजे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, विचारा, तो ८ लाख आहे. मग छेद विचारा: वर्गातल्या एकूण किती जणांपैकी किती जण या आकड्यात धरले? फक्त 'नोकरी शोधणारे' धरले का? सही करतानाचा एकरकमी बोनस पगारात मिसळला आहे का? कोणत्या पदांवर घेतलं? चार उत्तरं स्पष्ट मिळाली नाहीत तर तो आकडा तुमच्या निर्णयात धरू नका. एएसीएसबी, इक्विस यांसारख्या बिझनेस स्कूलना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय मान्यता असतील तर अभ्यासक्रमाची किमान बैठक तपासलेली आहे एवढं समजावं, नोकरीची हमी नव्हे.

इंटर्नशिपचे दहा आठवडे बहुतेकांचे एकाच कारणाने वाया जातात: लागणारी आकडेवारी पाचव्या आठवड्यात मिळते. पहिल्या तीन दिवसांत एका पानावर लिहा, प्रश्न काय, निर्णय कोण घेणार, कोणती आकडेवारी लागेल, ती कोणाकडे आहे. मार्गदर्शकाची त्यावर लेखी संमती घ्या. आकडेवारी दुसऱ्या आठवड्याअखेर आली नाही तर विषय लहान करा, वाट पाहत बसू नका. पाचव्या आठवड्यात अर्धवट निष्कर्ष दाखवा, म्हणजे चुकीची दिशा असेल तर वेळ हातात राहतो. शेवटच्या सादरीकरणात पहिल्याच पानावर शिफारस आणि तिची किंमत हवी. अल्पावधीत कंपनीच्या इतिहासाची दहा पानं दाखवणारे विद्यार्थी परत बोलावले जात नाहीत.

प्रमाणपत्रांबद्दल एवढंच: गुंतवणुकीच्या संशोधनात जायचं असेल तर सीएफएच्या तीन पातळ्यांना खरंच वजन आहे, जोखमीच्या कामात एफआरएमला, पुरवठा साखळीत सीपीआयएमला. प्रकल्प व्यवस्थापनाचं पीएमपी प्रत्यक्ष अनुभवाशिवाय मिळत नाही, त्यामुळे विद्यार्थिदशेत त्याच्या मागे लागू नका. त्याऐवजी एक्सेल इतकं पक्कं करा की वीस हजार ओळींच्या फाईलमधले दुबार नोंदी, वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या तारखा आणि रिकामे रकाने अर्ध्या तासात निस्तरता येतील. त्यानंतर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा. पहिल्या नोकरीत रोज लागणारं कौशल्य हेच.

शाखा ठरवण्याआधी त्या त्या कामात दोन ते पाच वर्षं झालेल्या निदान तिघांशी बोला. खूप वर असलेल्यांशी नको, त्यांना सुरुवातीचे दिवस आठवत नाहीत. 'काम आवडतं का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: मागच्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलं? महिन्यातला सर्वांत वाईट आठवडा कोणता आणि तो का वाईट असतो? कोणता निर्णय तुम्ही स्वतः घेता आणि कोणता वरून येतो? तुमच्याबरोबर लागलेले लोक आता कुठे आहेत? उत्तरं लिहून घ्या आणि तिघांचे मंगळवार शेजारी शेजारी ठेवून पाहा.